देवूने वीराला घातलेली आंघोळ

आमच्या बेटेगावात देवूइतका भोळा माणूस नाही आणि माझ्याइतका वाह्यात नाही. त्यात आमचा बांधाला बांध. म्हणजे मी त्याच्या नशिबात वाढून ठेवलेलाच.

देवूच्या शेताच्या कडेला, उंबराखाली, कमरेइतका उंच दगड होता. पिढ्यानपिढ्या शेंदूर थापून त्याचा नुसता लाल गोळा झालेला. तो देवूच्या घराण्याचा वीर. गुरं चोरायला आलेल्यांशी लढताना मेला म्हणे. त्यांच्या घरची रीत अशी, की कोणी अवेळी गेलं की त्याच्या नावाचा धोंडा वीराशेजारी बसवायचा. मग मेलेला भटकत नाही, वीर त्याला सांभाळतो. असा धोंडा घरात मात्र आणायचा नाही.

चौसष्टच्या उन्हाळ्यात देवूचा एकुलता एक मंगळ्या खाणीतल्या सुरुंगानं गेला. तारापूरकडे मोठं काम निघालं होतं, त्याला खडी लागत होती. देवूनं त्याचा धोंडा वीराला अगदी चिकटून बसवला. पहिली काकडी, नवा भात, सगळं आधी तिथं.

पुढच्या वर्षी रस्त्याची आखणी आली आणि खुंटी ठोकली ती बरोब्बर उंबराशी. मुकादम म्हणाला, "मुंबईहून जुन्या मूर्त्यांचे साहेब येणारेत. दगडाचं काय करायचं ते सांगतील."

देवू धापा टाकत माझ्याकडे. "धर्माजीदादा, सायेब बोलला देव हाय, तर रस्ता वळवतील ना?"

"अरे, पण देव दिसायला नको? हा गोळा बघून साहेब म्हणेल, रताळं आहे. आंघोळ घाल त्याला!"

मी आपलं बोलून गेलो. दुसऱ्या कोणी हसून सोडलं असतं. शेंदूर म्हणजे देवाचं अंग. आपोआप गळला तर गळला, हातानं कोणी काढत नाही. देवूनं दोन दिवस बसून तो विळ्यानं खरवडला.

खाली निघाला ढाल-तलवारवाला गडी, पायाशी गाई, वर चंद्रसूर्य. साहेब मातीतच गुडघे टेकून बसले. "वीरगळ! सात-आठशे वर्षांचा तरी असेल. कुणा सामंताचा दिसतो. हा रस्त्यावर ठेवून चालायचा नाही, संग्रहालयात नेऊ."

"सायेब, तो आमचा मूळपुरुष हाय."

"आता सगळ्यांचा झाला," साहेब गोड हसले.

गावानं देवूला धरलं: तूच देवाचं अंग सोललंस, म्हणून तो निघाला. त्या घोळक्यात मीही होतो. आंघोळ कुणी सांगितली, ते मी काही बोललो नाही.

देवू साहेबांच्या मागे लागला. "मंग माज्या पोराला बी संगती न्या. एकला पडंल."

साहेबांनी धोंडा उलटसुलट केला. "याच्यावर काही कोरलेलं नाही रे बाबा."

वीराला न्यायला गाडी सोमवारी येणार होती. तीन दिवस उंबराखाली ठकठक चालली. देवूच्या बायकोनं, पारूनं, तांदळाच्या पिठानं धोंड्यावर माणूस काढून दिला, लग्नात भिंतीवर काढतात तसा. दोन त्रिकोण, काड्यांचे हातपाय. देवू छिन्नीनं खोदत होता. मी बांधावरून ओरडलो, "मिशा काढ रे, नाहीतर साहेब बाई समजेल!"

पारूनं मान वर केली. "त्याला फुटल्या नव्हत्या, दादा."

सोमवारी साहेबांनी रेघांवरून बोट फिरवलं. "हे तर आत्ताचं आहे."

"हां सायेब. पोरगाच आत्ताचा हाय."

साहेबांनी धोंडा देवूच्या हातात परत दिला. मग वीर गोणपाटात गुंडाळून गेला.

धोंडा खांद्यावर घेऊन देवू माझ्या दारात. "दादा, माजा बांध तर रस्त्यात गेला. तुज्या बांधाला जागा दे." आतून बायकोनं मला डोळ्यांनीच दटावलं, आमच्या घरात लहान पोरं, अवेळी गेलेल्याचा दगड कशाला? मला एरवी शब्द सुचतात. त्या दिवशी म्हणालो, "बघू." या 'बघू'चा अर्थ देवूलाही कळतो. तो वळला.

वीर उपटल्याचा खड्डा मुकादमाला भरायचाच होता. देवूनं त्यात धोंडा निजवला, चित्र वर करून. वर खडी पडली, मुरूम पडला, रोलर फिरला. पारू रोलरच्या कडेकडेनं चालत होती.

आता तिथून ट्रक धावतात. बोईसरला जाताना देवू त्या जागेशी रस्ता सोडतो, चिखलातून वळसा घालतो, पुढे जाऊन पुन्हा वर चढतो. परवा एका ड्रायव्हरनं मला विचारलं, "ये बुड्ढा ऐसा क्यूँ चलता है?"

मी म्हणालो, "मालूम नहीं."