दोन खेपा

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात बीड बायपासच्या पलीकडं आमच्या नव्या कॉलनीत नळ नव्हते. दर तीन दिवसांनी टँकर यायचा. टँकरवाला कुणाच्या ड्रमला हात लावत नसे. कॉक सोडून बिडी ओढायचा आणि गळणारं पाणी चाटायला त्याच्या पायात येणाऱ्या माझ्या मांजरीवर खेकसायचा, "हट, भवाने!"

एकदा त्यानं विचारलं, "भवानी कुठंय?"

"उकाड्यानं झोपून असते हल्ली."

"दोन खेपा झाल्या, पायात आली नाय."

लोक ओरडत असताना कॉक बंद करून तो माझ्या घरात शिरला. पलंगाखालून त्यानं तिला ओढून काढलं, तरी तिनं पंजा उगारला नाही. त्यानं तिचा ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या.

"ताई, ही झोप नाय. निघा तुम्ही. ड्रम मी भरतो."

दवाखान्यात सलाइन लावून डॉक्टर म्हणाले, "वाचेल. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं. कधीपासून अशी आहे?"

तिला रोज दूध घालणारी मी, पण मला सांगता येईना. शेवटी टँकरवाल्याचंच सांगितलं, "दोन खेपांपासून."