आडोशाचा तापमापक

ओल्या चादरीचं एक टोक सासूबाईंच्या हातात, दुसरं सुनेच्या. पीळ अर्धाच झाला होता, पाणी टपटपत होतं, तेवढ्यात फोन वाजला. सून आपलं टोक दोरीवर टाकून आत पळाली.

"घ्या! आता ही चादर दिवसभर अशीच लोंबणार," सासूबाई म्हणाल्या.

फोन कचेरीतल्या साहेबांचा होता. गल्लीत सगळे सुनेला हवावाली म्हणत. काम घरबसल्या, संगणकावर. समुद्राच्या पाण्याचा वरचा थर किती गरम, वारा किती, हवेत ओल किती, हे उपग्रह वरून टिपत. त्यावरून समुद्रानं हवेला किती ऊब दिली आणि वाऱ्यानं ती कुठं वाहून नेली, हे ती काढी. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "म्हणजे तापल्या दुधावर फुंकर मारली की वाफ कुठं जाते, तेच ना?"

"तेच. पातेलं जरा मोठं आहे."

उपग्रहाचं म्हणणं पडताळायला जहाजांवरचे आकडे लागत. त्यांतल्याच एका जहाजावर तिचा नवरा होता, आणि तापमापक बघणं त्याच्याकडेच. भर समुद्रातून फोन क्वचित लागे. पण रोज नकाशावर त्याच्या आकड्याचा ठिपका उमटे. ठिपका दिसला की ती देवाला हात जोडी आणि मगच पुढच्या कामाला लागे.

"त्या जहाजाचं काही जमत नाही," साहेब म्हणाले. "उपग्रह म्हणतो, समुद्र हवेला भरभरून ऊब देतोय. जहाज म्हणतं, छे, हवा आधीच गरम आहे. ढगांमुळे उपग्रहच चुकला म्हणायचं का? तुम्ही सांगाल तसं."

'हो' म्हटलं असतं तर ठिपका राहिला असता. शब्द ओठांवर आलाही. पण मागच्या बंदरावरून नवऱ्याचा फोन आला होता, तो आठवला. "तापमापक आता भटारखान्याच्या भिंतीला टांगलाय," तो हसत म्हणाला होता. "छान आडोसा आहे. आकडा बघताना घडीभर मनातल्या मनात तुझ्याशी बोलून घेतो. वाऱ्यात काय सुचणार?" तेव्हा ती नुसती लाजली होती. भिंतीपलीकडच्या शेगड्या तिच्या ध्यानातच आल्या नव्हत्या. हवावाली म्हणे!

"उपग्रह बरोबर आहे," ती म्हणाली. "तापमापक भटारखान्याच्या भिंतीवर आहे. तिथं टांगल्यापासूनचे आकडे वगळते. जहाजाला निरोप द्या, वाऱ्याच्या बाजूला लावा म्हणावं."

"आणखी काही कळवायचं?" साहेबांना नातं ठाऊक होतं.

कळवायचं पुष्कळ होतं. "नाही. एवढंच."

तिनं त्याचा एकेक ठिपका पुसला. समुद्र निळा, मोकळा झाला. जागा बदलली की ठिपका परत येणार; पण निरोप पोचणार कधी, आणि तोवर सकाळी उठून बघायचं काय, देव जाणे.

बाहेर सासूबाई टोक धरून उभ्याच होत्या. "त्याचं काही कळलं?"

"आडोसा सोड, वाऱ्यात उभा राहा, असं सांगितलंय."

"अगं, गारठेल ना तो!"

"गारठेल," ती म्हणाली, आणि तिनं असा पीळ घातला की सासूबाई दोन पावलं पुढं ओढल्या गेल्या.

"चादर पीळ बाई, मला नको!"

चादर दोरीवर पडली तशी वाऱ्यानं फुगली, निसटायला लागली. सुनेनं ती घट्ट धरून ठेवली, जरा जास्तच वेळ. मग टोक सासूबाईंच्या हाती दिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चिमटे आणायला निघाली.