अक्षर माझं, नारळ तिचा

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. साधासुधा नाही, जेवताना घास घशात अडकावा असा. आम्ही दोघी नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय तत्त्वज्ञान, आणि वसतिगृहातली खोलीही एकच. मी शेवगावच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. घरात पुस्तकं, बोलणं शुद्ध, वह्या आखलेल्या. ती पारनेरकडच्या एका पाणाड्याची. तिचा बाप तळहातावर नारळ आडवा ठेवून लोकांच्या रानातून चालायचा आणि नारळ उभा राहिला की म्हणायचा, इथं विहीर खणा. असल्या घरातली पोरगी वर्गात तोंड उघडायची आणि सर हातातला खडू खाली ठेवून ऐकत राहायचे. मी उत्तर दिलं की म्हणायचे, "बरोबर. बसा."

ते मोठ्या दुष्काळाचं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी निबंध घातला: एखादं विधान खरं कशामुळे ठरतं? वर्गात तीन मतं शिकवून झाली होती. विधान वस्तुस्थितीशी जुळलं की खरं, हे एक. आपण आधीच खऱ्या धरलेल्या बाकीच्या गोष्टींत ते नीट बसलं की खरं, हे दुसरं. आणि त्याच्यावर विसंबून वागल्यावर काम झालं तर खरं, हे तिसरं. ज्याचा निबंध सरस, त्याला सर पुण्याला एम.ए.साठी चिठ्ठी देणार होते. ती चिठ्ठी मला हवी होती. तिला तर हवीच होती, कारण बापानं बजावून ठेवलं होतं: सरांनी आपण होऊन पुण्याला धाडलं तर जा, नाहीतर परीक्षा झाली की लग्न.

सुट्टीत ती गावाकडच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. परतली ती बोटांना चिंध्या बांधून. पेन धरवेना. म्हणाली, "मी सांगते, तू उतरून घेशील का?" नाही कशी म्हणणार? मी वही ओढली.

ती भिंतीला टेकून बोलत गेली. बाप म्हणतो, इथं पाणी आहे. लागलं तर ते वाक्य खरं, इथवर सोपं. पण यंदा तीन विहिरी कोरड्या गेल्या आणि बाप दर वेळी म्हणाला, "हाय, अजून खाली हाय." मग हे वाक्य खोटं ठरवायला माणसानं किती खाली जायचं? बरं, नारळावर, बापावर आणि आज्यावर गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. त्या सगळ्यात हे वाक्य चपखल बसतं, तरी विहीर कोरडीच. आणि त्याच वाक्याच्या भरवशावर माणसं गाव न सोडता खणत राहिली, म्हणजे वाक्याचं काम झालं म्हणायचं. पाणी मात्र नाही. शेवटी म्हणाली, "लिही, आपन काय मानतो न् आपलं कशात भलं हाय, ते खडकाखालच्या पान्याला ठावं न्हाई."

मी 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं, आणि निबंधात घरचं नको म्हणून 'माझा बाप'चं 'एक पाणाड्या' केलं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. माझा निबंध पुस्तकातून उतरलेला, गुळगुळीत. आणि ही बया चिंध्या बांधल्या हातांनी असलं काही सहज बोलून जाते म्हणजे काय!

निबंधावर नाव घालायचं नाही, अशी सरांची पद्धत. आपल्याकडून पक्षपात होऊ नये म्हणून. आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर दोन निबंध शेजारी ठेवलेले होते.

"दोन्ही तुमच्या अक्षरात आहेत. हा नारळाचा तुमचाच का?"

"अक्षर माझंच आहे, सर."

"दोन लिहिलेत म्हणजे. आणि तुमच्या मैत्रिणीचा का आला नाही?"

"तिला लिहिता येत नव्हतं, सर. बोटं फुटलीत तिची."

सर हळहळले. मग म्हणाले, "आम्ही समजत होतो, तुम्ही नुसतं घोकता." तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले. माझी दोन्ही उत्तरं वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी नारळाचा निबंध वर्गात वाचला आणि शेवटी माझं नाव घेतलं. ती खाली बघून बोटांवरची चिंधी नीट करत होती. खोलीवर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "सरांनी तुला काय इचारलं, न् तू काय सांगितलंस?"

मी शब्द न् शब्द सांगितला. तिनं मला खोटारडी म्हणावं, झिंज्या उपटाव्यात, असं मला फार वाटत होतं. तसं झालं असतं तर मीही भांडले असते.

"मग तू खोटं न्हाई बोललीस," ती म्हणाली.

"तू जाऊन सांग की सरांना."

"काय सांगू? अक्षर तुझं. शुद्ध भाषा तुझी. कारकुनाच्या पोरीनं लिव्हलं, हे समद्यात बसतं. खडी फोडनारीनं लिव्हलं, हे कशात बसंल?" मग म्हणाली, "आन् तुझं कामबी झालं. तिन्ही मतांनी तुझंच खरं हाय बघ."

परीक्षेनंतर तिचं लग्न झालं, खर्ड्याकडे दिली. मी चिठ्ठी घेऊन पुण्याला गेले, पुढे प्राध्यापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत हाच विषय शिकवला. दर वर्षी मुलं विचारायची, "बाई, हे नारळाचं उदाहरण तुमचं का?" मी म्हणायची, "माझ्या गावाकडचं आहे." नगर जिल्हा म्हणजे माझंच गाव की. तेही खरंच.

तिचा हेवा अजून वाटतो. सगळी नोकरी झाली, पण स्वतःचं म्हणून दुसरं उदाहरण मला एकदाही सुचलं नाही.