पॅकिंगची पेस्ट

पॅकिंगच्या पेस्टचा आंबूस वास आला, की बाबांची तेल गळणारी, दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी आठवते. रिसोडला आत्या मरणपंथाला लागली होती, "भावाले आणा" एवढंच म्हणत होती. म्हणून निघण्याआधी इंजिनचं पॅकिंग मीच बदललं. मिस्त्री फोनवर म्हणाला, "पेस्ट पातळ लाव, शहाण्या." मी पुरणावर तूप सोडावं तशी सोडली. गळती थांबली; पण जास्तीची पेस्ट आत पडून तेल गाळायची जाळी बुजली, इंजिनला तेल पोचेना आणि रिसोडजवळच्या मालेगावच्या पुढं ते जाम झालं. एसटीनं पोचलो तेव्हा आत्या गेली होती. "इतका उशीर काहून केला, भाऊ?" आत्याच्या जावेनं विचारलं. "गाडीच जुनी हाय ना बाप्पा," बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. आता बाबाही नाहीत, आणि कोणी विचारलं तर मीही अजून तेच सांगतो.