सारवलेली चूल

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी चाकणजवळच्या एका उत्खनन शिबिरात गेलो होतो. तिथे माती वाहायला गावातली एक बाई यायची, साठीच्या पुढची. हजेरीवहीत तिचं नाव असणार, पण आम्ही मावशी म्हणायचो. खड्ड्यात उतरताना ती चपला काठावर काढून ठेवायची.

खाली जुन्या घराची जमीन लागली होती आणि तिच्यात मातीची एक चूल. ती ब्रशने मोकळी करण्यात नऊ दिवस आणि आमचे गुडघे गेले. आतली राख दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी काढायची होती. त्यावरून चुलीचं वय कळणार होतं.

सकाळी पोचलो, तर राख काढून टाकलेली आणि चूल शेणाने सारवलेली होती.

शिबिर घेणारे आमचे सर काठावरच बसले. "मावशी, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनला न्हवं, हितं घर हाय? मग घरात चूल अशी ऱ्हाती व्हय?"

सर रागावले नाहीत. तेवढी ताकद उरली नव्हती. त्यांनी वहीत लिहिलं: राखेचा नमुना नाही.

तिथे एका कंपनीचं गोदाम होणार होतं, म्हणून शेवटच्या दिवशी खड्डा बुजवला. मावशीने दिवसभर घमेली ओतली, पण चुलीवर एकही नाही. ती बाजू आम्हीच बुजवली. निघताना तिने चपला हातात घेतल्या आणि ती जागा ओलांडल्यावरच पायात घातल्या.