आबांच्या दाराचं हँडल

घाटात मला गाडी लागते. गेल्या खेपेस खोपोलीला नणंदेच्या दारात उतरले आणि तोंड दाबून थेट मोरीकडे पळाले, तर तिच्या सासरच्या बायकांनी गोड बातमी समजून पेढे आणायला माणूस पिटाळला! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आता तिच्याकडे वास्तुशांत होती आणि काही करून मला गाडीत पुढे बसायचं होतं. पण पुढची सीट सासऱ्यांची, म्हणजे आबांची. त्यांना ‘मागे बसा’ म्हणायची वलवणच्या आमच्या घरात कुणाची टाप आहे?

त्याच आठवड्यात नवऱ्याने गाडीच्या दारांचे आतले पॅड उचकटले. आमच्या लोणावळ्याकडच्या ओलीने वरचं कापड बुरशीने काळं पडलं होतं. त्याला कात्री धरता येत नाही, म्हणून नवं कार्पेट चढवायचं काम माझ्याकडे आलं. जुनं खरवडायचं, दोन्हीकडे चिकटवायचं सोल्युशन लावायचं, जरा सुकलं की दाबत जायचं. मग काच खाली-वर करायच्या हँडलचं भोक चाचपून तिथे कार्पेट कापायचं. तीन दारांना इमानदारीत कापलं. आबांच्या दाराला नाही. हँडल ठेवलं पुढच्या खणात.

वास्तुशांतीच्या सकाळी आबा पुढे बसले. तोंडात तंबाखूचा तोबरा, हात दारावर फिरतोय.

“ऊं? ऊं!”

“अगंबाई, कापायचं राहिलंच की आबा!” मी हसू दाबत म्हणाले.

आबा मागे सासूबाईंशेजारी गेले आणि काच खाली करून पिंक टाकली. मी पुढे, राणीसारखी.

खंडाळ्याच्या घाटात दोन वळणं झाली आणि पोटात ढवळलं. सोल्युशनचा उग्र वास, आणि काच उघडायची सोय मीच बुजवलेली! नवऱ्याने गाडी कडेला घेतली. मी कठड्याला धरून श्वास घेत उभी राहिले.

आबांनी उतरून माझ्या दारावर अंगठा फिरवला, भोकाच्या जागी खिशातल्या चाकूने फुली मारली आणि खणातून हँडल काढून बसवलं.

“फुडं बसायचं व्हतं तर सरळ सांगायचं न्हाई व्हय, पोरी? बस आता फुडंच.”

मला लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

खोपोलीला मी ताठ उतरले. पेढ्यांचं नाव कुणी काढलं नाही. सासूबाईंनी मात्र मला बाजूला ओढलं. वाऱ्याने उलट आलेले तंबाखूचे शिंतोडे त्यांच्या नव्या साडीभर होते.

“घरी गेल्यावर,” त्या दात-ओठ खात कुजबुजल्या, “मागची दोन्ही दारं बी बुजव.”