नानाची विजेची पिकअप आणि सुरगाण्याची लाईन

सातपूरच्या आमच्या पिकअप स्टँडवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार ड्रायव्हर भाड्याची वाट बघत बसले की आपोआप साठत जातात. पण नानाने आणि मी भागीत विजेवरची पिकअप घेतली, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या किश्शाला तिथे जागाच उरलेली नाही!

नाना गाडी चालवतो, मी बुकिंग सांभाळतो. त्याची लाईन सुरगाण्याची. जाताना डोंगरातल्या पाड्यांवर किराणा पोचवायचा, येताना पिंपळगाव बसवंतच्या शेठकडे स्ट्रॉबेरी आणायची. नानाचं अख्खं घर या एका लाईनवर चालतं. नवी गाडी बघताच शेठने बजावलं, "नाना, माल एकदा जरी रस्त्यात अडकला, तर लाईन बापूला देणार."

बापू म्हणजे आमचाच दोस्त. डिझेलची पिकअप चालवणारा. त्याने त्याच दिवशी पेढे कुठले आणायचे ते विचारून ठेवलं!

*

पहिल्याच आठवड्यात नाना सवयीने डिझेल पंपावर शिरला, काच खाली केली आणि ऐटीत म्हणाला, "फुल कर!"

पंपवाला टाकीचं झाकण शोधत गाडीला प्रदक्षिणा घालू लागला. दुसऱ्या फेरीला नानाच्या डोक्यात उजेड पडला. पण कबूल करेल तो नाना कसला!

"अरे हवा! टायरमधी हवा फुल कर म्हटलं मी!"

*

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवायचं, ही पिकअपवाल्यांची जुनी खोड. नानाने नव्या गाडीतही तेच चालवलं होतं. विजेच्या गाडीचं मात्र उलटं असतं. उतारावर तशीच ड्राईव्हमध्ये ठेवली, तर चाकांच्या फिरण्यावर बॅटरी थोडी भरते. हे कळल्यावर नाना पहिला घाट तसा उतरला आणि खाली पोचताच मला फोन.

"भाऊ, चार्जिंग वाढलं! घाटच डिझेल भरतोय आपलं!"

मी कौतुकाने ते स्टँडभर सांगितलं. बापूने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाला, "लय भारी. आता नानाला सांग, येताना पण उतारानेच ये!"

*

डिझेलची गाडी दोन डोंगर अलीकडे असतानाच पाड्यावर ऐकू जायची. बाया पिशव्या घेऊन बाहेर येऊन थांबायच्या. या गाडीला आवाजच नाही. नाना दारात येऊन उभा राहिला तरी कुणाला पत्ता नसतो.

एका घरातून त्याला स्वतःच्याच नावाने बोटं मोडलेली ऐकू आली. "नाना आज काय येत नाय. मेली आसंल त्याची बॅटरी!"

नानाने खिडकीतून डोकं आत घातलं. "वहिनी, मेली नाय. तेल किती उतरवू?"

*

वाटेतल्या एका गावात पिठाच्या गिरणीवर थ्री-फेज कनेक्शन आहे. नानाने चार्जिंगची विनंती केली. गिरणीवाला नियमाला पक्का.

"हितं नंबर डब्याचा लागतो. गाडीचा नाय."

तेव्हापासून नाना सीटमागे एक रिकामा डबा बाळगतो. रांगेत डबा लावायचा, नंबर आला की गाडी लावायची. डबा पुढे सरकवताना त्याच्या चेहऱ्यावर जो रुबाब असतो, तो बघायला मी एकदा मुद्दाम गेलो होतो! मागे नागलीची पिशवी घेऊन उभी असलेली म्हातारी शेवटी कंटाळली.

"नाना, तुझं दळण किती बारीक काढतोस रं? कवाधरनं चाललंय!"

*

मग एकदा अवकाळी पाऊस आला. नाना डोंगरातल्या एका पाड्यावर स्ट्रॉबेरी भरत होता आणि आसपासची सगळी लाईट गेली. चार्जिंग तिथेच करायचं ठरलेलं, त्यामुळे बॅटरी तळाला. समोर खिंडीचा चढ. खिंड ओलांडली की खालच्या गावापर्यंत सगळा उतार, आणि त्या गावात लाईट होती. पण चढायचं कसं? नानाने मला एवढं सांगितलं आणि फोनची रेंजही गेली.

मी बापूच्या गाडीत बसून पिंपळगावला शेठच्या पॅकहाऊसवर जाऊन थांबलो. बापूनेसुद्धा त्या दिवशी पेढ्यांचा विषय काढला नाही. शेठ सारखे घड्याळ बघत होते.

आणि वेळेत गाडी आली! टपापर्यंत चिखल, पुढच्या हुकाला दोरखंड लोंबतोय, आणि क्रेटमधली स्ट्रॉबेरी एकदम टवटवीत. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली.

"लाईट नसताना खिंड चढलास कसा?" शेठने विचारलं.

नानाने मोबाईल पुढे केला. व्हिडिओत अख्खा पाडा होता. पुढे दोरखंड धरून ओढणारे गडी, मागून खांदा लावलेल्या बाया, आणि मधे आमची गाडी चढावर हळूहळू सरकत होती. शेठने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितला.

"एवढी माणसं लावलीस. मजुरी सांग त्यांची, मी देतो."

"मी पण तेच इचारलं शेठ," नाना म्हणाला. "तर एक बाई माझ्यावरच खवळली. म्हणली, मजुरी कसली? गाडी आमची हाय. तू नुसता चालवतोस!"